टोकाची बोटं बारीकच असतात

मोजणीच्या दिवशी दरबारात एकशे चाळीस माणसं होती. एकशे अकरा पडद्यांपुढे, एकोणतीस पडद्यांमागे. पडदे चौदा, म्हणजे प्रत्येक पडद्यामागे दोन हेर, आणि खिडकीजवळच्या जाड मखमलीमागे तीन. बूट मात्र सत्तावन्नच दिसत होते. एकाचा पाय अवघडला असावा आणि त्याने तो वर धरला असावा. सहा रणशिंगवाले एकशे अकरांतच धरलेत. एक मांजर होतं, ते धरलेलं नाही.

मोजणं हे माझं कामच आहे. मी राजमापाडीण. वय सतरा, नोकरीला पाच महिने. माझ्याआधी चाळीस वर्षं हे काम आत्या करायची. तिचे गुडघे गेले तेव्हा तिने पितळी कांब, सुताराचा गुण्या आणि ओळंबा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "मोजताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. खुणेकडे बघायचं."

ती पितळी कांब म्हणजे आमच्या राज्याचा एक हात. तिच्यावर चोवीस बोटांच्या खुणा आहेत आणि एका बोटाचे आठ जव. राज्यातला प्रत्येक सुतार, शिंपी आणि गवंडी याच कांबेवरून आपापली पट्टी करून नेतो. दर वर्षी राज्याच्या वाढदिवशी राजमापाडी कांबेची दोन्ही टोकं विटेच्या भुकटीने घासून चकचकीत करतो. असे दोनशे तीन वाढदिवस झाले.

मोजायचं होतं टिल्लीला. टिल्ली म्हणजे राज्याची वारस. तिचं खरं नाव इतकं लांब आहे की ते फक्त मुख्य रणशिंगवाल्याला पाठ आहे. त्या दिवशी तिला सोळा पूर्ण झाली. सनदेत असं लिहिलंय की सोळाव्या वाढदिवशी वारस साडेतीन हात भरला पाहिजे. भरला तर गादी त्याची. नाही भरला तर राज्य जो सांभाळतोय त्याच्याकडेच कायमचं राहील, आणि वारसाची रवानगी समुद्रातल्या दीपगृहात. तिथे वर्षातून दोनदा माणूस येतो, तोही दिव्याचं तेल घेऊन.

राज्य नऊ वर्षं सांभाळत होते टिल्लीचे काका. त्यांना दोन गोष्टींचं वेड: रणशिंगं आणि स्वतःची भाषणं. त्यांच्या हुकमाने राजवाड्यातल्या प्रत्येक दारावर रणशिंगवाला उभा असे आणि कुणीही आत आलं की फुंकत असे. न्हाणीघराच्या दारावरसुद्धा. मांजर आत आलं तेव्हाही वाजलं, कारण हुकमात 'जे कोणी येईल' असं लिहिलं होतं.

त्या दिवशी काका सकाळी बोलायला उभे राहिले ते उन्हं कलल्यावर थांबले. विषय होता 'उंची, कालची आणि आजची'. मुद्दा असा की आपल्या राज्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उंच होत चालली आहेत, जुने दाखले काढून बघा. टिल्ली खांबाशी उभी होती. वारसाने उभ्यानेच ऐकायचं असतं.

"पट्टी," ती ओठ न हलवता मला म्हणाली. तिने लहानपणी ठेवलेलं माझं हे नाव. "माझे पाय कुठायत ते जरा बघून सांग."

"खाली आहेत. दोन."

शेवटी मी ओळंबा सोडला, खांबावर कांबेने खुणा केल्या, टिल्लीच्या डोक्यावर गुण्या टेकवला आणि वाचलं. साडेतीन हात आणि एक जव.

दरबाराने टाळ्या वाजवल्या. पडद्यांमागूनही थोड्या आल्या आणि लगेच थांबल्या.

काकांनी हात वर केला. "मापाडीण कोण? हिची मैत्रीण. लहानपणी दोघी एकाच झाडावरून पडल्या आहेत. या मापावर मी विश्वास कसा ठेवू?" त्यांनी खिशातून सनद काढली. भाषणाच्या आधीपासून ती त्यांच्या खिशात होती, हे मी फुगवट्यावरून पाहिलं होतं. "कलम नऊ. मापाबद्दल शंका आल्यास कांबेची जोड, म्हणजे तिची दुसरी कांब, आणावी. जोड डोंगरावर राक्षसिणीकडे आहे. वारसाने आणि मापाड्याने स्वतः जाऊन ती आणावी. मुदत दहा दिवस."

"राक्षसीण माणसं खाते ना?" टिल्लीने विचारलं.

"खाते असं म्हणतात," काका म्हणाले. "तेही बघून या."

निघायच्या आधी मी आत्याकडे गेले. ती खिडकीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होती.

"आत्या, एक विचारू? सनदेत लिहिलंय की दरबाराची खोली साठ हात लांब बांधली. मी मागच्या आठवड्यात मोजली. साठ हात पंधरा बोटं भरली."

"गवंडी मेले तसलेच. हात सैल सोडतात."

"आणि कांबेवरचं पहिलं बोट आणि शेवटचं बोट बाकीच्यांपेक्षा बारीक आहेत. सात सात जवांचीच."

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. तिने स्वतःचा पंजा माझ्यासमोर पसरला. "ही करंगळी बघ. बारीक आहे ना? का? टोकाला आहे म्हणून. टोकाची बोटं बारीकच असतात. मला माझ्या गुरुजींनी हेच सांगितलं, त्यांना त्यांच्या. जा आता. गरम कपडे घे."

डोंगर तीन दिवसांच्या चालीवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या माळावर मला एक पडदा दिसला. हिरवा, झालरीचा, दोन बांबूंवर ताणलेला. आजूबाजूला एकही भिंत नव्हती. पडद्याखाली तपकिरी बूट.

"तुम्ही आमच्या मागावर आहात का?" मी विचारलं.

"इथे कुणी नाहीये," पडदा म्हणाला.

"बूट दिसतायत."

बूट एकमेकांजवळ सरकले. "ते आधीपासून इथे होते."

"टाचा झिजलेल्या, डाव्या बुटाची नाडी वेगळी. मखमलीमागचे तिसरे तुम्हीच. पाय वर धरला होतात."

पडदा बाजूला झाला. आत पन्नाशीचा एक थकलेला माणूस होता. पाठीवर पिंजरा, पिंजऱ्यात कबुतर. "बावीस वर्षं झाली हेरगिरीला," तो म्हणाला, "आणि आजवर कुणी बसा म्हणालं नाही."

"बसा," टिल्ली म्हणाली.

तो बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही तिघं एकत्रच चाललो. पडद्याचं एक टोक टिल्लीने धरलं. फक्त आम्ही काही खासगी बोलायला लागलो की तो म्हणायचा, "एक मिनिट हं," आणि पडदा उभा करून त्यामागे जाऊन ऐकायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गुहेशी पोचलो. राक्षसीण दाराबाहेर ऊन खात बसली होती. अकरा हात चार बोटं, नंतर मोजली. शेजारी तिचा म्हातारा. त्याच्या अंगात लाल लोकरीचा स्वेटर होता, पण बाही एकच. दुसरा हात उघडा, काखेत दाबून धरलेला.

"आलात का!" राक्षसीण म्हणाली. "आणलीत ना?"

"काय?"

"माझी सुई गं!" तिने विणकामाच्या पिशवीतून एक पितळी कांब काढून आमच्यासमोर नाचवली. एक हात लांब, चोवीस बोटांच्या खुणा. "तुमचा पहिला राजा आला होता तहाला. म्हणाला, मावशी, तुमची एक सुई द्या, आमच्याकडे सगळ्यांचा हात वेगवेगळा, भांडणं होतात. दोन्हींवर खुणा करून घेतल्या आणि एक घेऊन गेला. म्हणाला, लगेच आणून देतो. दोनशे तीन वर्षं झाली! एका सुईवर बाही कशी विणू? याचा उजवा हात बघा, गारठून कसा झालाय."

म्हाताऱ्याने हात दाखवला. खरंच निळा होता.

"मावशी, तुम्ही माणसं खाता का?" टिल्लीला हे विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

"लहानपणी एक खाल्लं होतं. बटणं दातात अडकली. नको रे बाबा."

मी जोड मागून घेतली आणि आधी टोकं पाहिली. पहिलं बोट आठ जव, शेवटचं बोट आठ जव. चोवीसही बोटं सारखी. विटेची भुकटी तिला कधी लागलीच नव्हती. आमची कांब दोन जवांनी आखूड होती. आमच्या राज्यातली माणसं उंच होत नव्हती, आमचा हात आखडत होता.

मग मी गुहेच्या भिंतीवर जोडीच्या कांबेने खुणा केल्या आणि टिल्लीला उभं केलं. साडेतीन हातांना सहा जव कमी.

टिल्लीने भिंतीवरची खूण स्वतः बोटाने चाचपली. मग म्हणाली, "घास."

"काय?"

"तुझ्याकडे कानस आहे. टोकाला घास. दोन्हीकडून एकेक जव. आपल्या कांबेएवढी कर, म्हणजे मी बसते. कुणाला कळतंय?"

कानस माझ्या पिशवीत खरंच होती. मी ती काढलीसुद्धा. टिल्लीबरोबर मी झाडावरून पडले होते. तिला आधी लागलं होतं, आणि मी तिच्यावर पडले म्हणून मला लागलं नव्हतं. आणि दीपगृहाच्या जिन्याला दोनशे सोळा पायऱ्या आहेत, हे मला माहीत होतं.

"नाही घासणार," मी म्हणाले.

"पट्टी, दीपगृह आहे ते. मी तिथे कुणाशी बोलू? तेलाशी?"

"माहितेय. पण उद्या गादीवर बसलीस की सगळं राज्य खोट्या हाताने मोजायचं, आणि ते तुला आणि मला दोघींनाच ठाऊक असणार. मला नाही जमणार."

"तू मैत्रीण आहेस की मोजपट्टी?"

"तूच ठेवलंयस नाव."

ती तोंड फिरवून झोपली.

सकाळी ती उठल्याउठल्या मी तिला पुन्हा भिंतीशी उभं केलं. मला करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं, आणि काही सुचत नसलं की मी मोजते. साडेतीन हात आणि एक जव जास्त.

मी गुण्या पुसला, ओळंबा तपासला, पुन्हा मोजलं. एक जव जास्त. न्याहारीनंतर बरोबर साडेतीन हात. दुपारी चार जव कमी. संध्याकाळी सहा जव कमी. मग मी हेराला मोजलं, म्हाताऱ्याला मोजलं, मावशीला मोजलं. सगळेच सकाळी उंच आणि संध्याकाळी बुटके. मावशी तर दिवसाकाठी दोन बोटं उतरायची. आणखी दोन दिवस मोजलं. सकाळी एक जास्त, मग पाऊण जास्त. संध्याकाळी सहा कमी, मग पाच कमी.

"उभं राहून राहून माणूस स्वतःच्याच वजनाने दबतो," मी टिल्लीला सांगितलं. "आडवा झाला की पुन्हा मोकळा होतो. काका दिवसभर उभं करतात तिथेच सगळं जातं. सनदेत कधी मोजायचं ते लिहिलेलं नाही. सकाळी उठल्याउठल्या मोजलं तर तू खऱ्या हातानेसुद्धा बसतेस. कानस न लावता."

टिल्ली माझ्या गळ्यात पडली. त्याने तिची उंची अर्धा जव कमी झाली असावी.

"एक मिनिट हं," पडद्यामागून आवाज आला. "संध्याकाळी सहा म्हणालात की सात? अहवालात लिहायचंय."

"तुम्ही हे काकांना कळवताय?" टिल्ली किंचाळली. "आम्ही तुम्हाला बसायला दिलं!"

"बावीस वर्षांत मी एकदाही खोटा अहवाल दिलेला नाही हो, ताई. तेवढंच आहे माझ्याजवळ."

"तीनदा सहा आणि एकदा पाच," मी म्हणाले. "सात लिहू नका, सात चूक आहे."

टिल्ली माझ्याकडे वळली. तिने मला जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

कबुतर गेलं आणि दुसऱ्या दिवशी काकांचं उत्तर घेऊन परत आलं. हेराने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. 'मोजणी सूर्य मावळताना होईल. वारसाने सकाळपासून दरबारात हजर राहायचं. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, कशालाही टेकायचं नाही. ताजा कलम: मी भाषण करणार आहे.'

"संपलं," टिल्ली म्हणाली. "दीपगृह."

मावशीने हे सगळं ऐकलं होतं, पण तिचं लक्ष दोरीवर होतं. म्हाताऱ्याने स्वतःचा स्वेटर धुवून वाळत घातला होता. "हे बघा, झाला की नाही गुडघ्यापर्यंत," ती कुरकुरली. "शंभरदा सांगितलं याला, ओला स्वेटर टांगत जाऊ नकोस, लांब होतो."

मी स्वेटरकडे बघितलं. मग टिल्लीकडे बघितलं.

"अजिबात नाही," टिल्ली म्हणाली.

"पत्र पुन्हा वाचा," मी हेराला म्हणाले. "लोंबकळायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "नाही लिहिलेलं."

त्या संध्याकाळी टिल्ली सहा जव कमी भरली. मावशीने तिला दोन्ही काखांत बोटं घालून तासभर हवेत धरलं. पुन्हा मोजलं तर दोन जव कमी. म्हणजे एका तासात चार जवांची कमाई. पण दिवसभर लोंबकळल्यावर किती होईल, याचं माप माझ्याकडे नव्हतं. तेवढा वेळ मावशीकडे नव्हता, चुलीवर भांडं होतं.

मावशीची अट एकच: मोजणी झाली की दोन्ही सुया तिला. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि हो म्हणाले. जोडीच्या बरहुकूम लोहाराकडून नक्कल करून घेता येत होती, आणि म्हाताऱ्याचा हात खरंच निळा होता. त्या वेळी मी हेराला म्हणाले, "हे लोंबकळण्याचं कळवायचं असेल तर..."

"कबुतर दमलंय," तो म्हणाला. "ते जागं झालं की कळवीन." आणि त्याने पिंजऱ्यावर पडदा टाकला.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही मावशीच्या खांद्यावर बसून राजवाड्यात आलो. आमचा तीन दिवसांचा रस्ता तिने पहाटेपासून न्याहारीपर्यंत कापला. दरबाराच्या दारातून ती वाकून आली तेव्हा रणशिंगवाल्याने फुंकायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आत एकशे चव्वेचाळीस माणसं होती. मावशी धरून.

"हजर आहे वारस," मावशी म्हणाली, आणि टिल्लीला दोन्ही काखांत धरून भिंतीशी उभी राहिली. टिल्लीचे पाय जमिनीपासून पाच हात वर लोंबत होते.

"हे काय चाललंय?" काका ओरडले. "खाली उतरवा तिला!"

"बसलेली नाही," मी म्हणाले. "आडवी नाही. कशाला टेकलेली नाही."

काकांनी स्वतःचा हुकूम वाचला. मग पुन्हा वाचला. मग मखमली पडद्याकडे बघितलं. पडद्याखालून तपकिरी बूट हळूच मागे सरकले.

"ठीक आहे," काका म्हणाले. "बघू राक्षसिणीचे हात किती वेळ टिकतात." आणि भाषण सुरू झालं.

मला त्या वेळात काम नव्हतं. म्हणून मी जोड घेतली आणि भिंतीच्या कडेकडेने दरबाराची खोली मोजायला लागले. वीस हातांवर काका त्यांच्या बालपणात होते. चाळिसांवर पहिला रणशिंगवाला खांबाला टेकून घोरायला लागला. दुपार झाली, मावशीने एकदा टिल्लीला झटकून सरळ केलं, ओल्या कपड्याला झटकतात तसं. टिल्ली म्हणाली, "पाठीत काहीतरी कटकन वाजलं."

"चांगलं की वाईट?" मी खालून विचारलं.

"कळत नाहीये. लांब वाटलं."

पलीकडच्या भिंतीला जोडीचं टोक टेकलं तेव्हा साठ हात झाले होते. बरोबर साठ. एक जव इकडे नाही की तिकडे नाही.

काकांचा आवाज सूर्य मावळायला अर्धा तास असताना गेला. ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. ते तसेच शेवटपर्यंत बोलले. सहाही रणशिंगवाले झोपले होते.

मग मला सांगावं लागलं. आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, आणि तिनेच शिकवलं होतं की मोजताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तरी मी बघितलं.

"या जोडीने ही खोली साठ हात भरते, सनदेत लिहिलंय तशी," मी दरबाराला म्हणाले. "आपल्या कांबेने साठ हात पंधरा बोटं भरते. आपली कांब दोन जवांनी आखूड आहे. दहा दिवसांपूर्वी मी सांगितलेलं माप चुकीचं होतं. आजचं माप जोडीने होईल."

दरबारात कुजबुज झाली. पडद्यांमागची कुजबुज जास्त मोठी होती.

"आखूड कशी होईल?" आत्या म्हणाली. "मी चाळीस वर्षं जपली तिला. दर वर्षी घासून..." ती मध्येच थांबली. तिने स्वतःच्या पंज्याकडे बघितलं, करंगळीकडे बघितलं. "मग मी काय घासत होते गं?"

"हातच, आत्या."

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात मावशीने वाकून, टिल्लीला एका हातात धरून, दुसऱ्या हाताने आमची कांब उचलली आणि टोकावरून अंगठा फिरवला.

"अगंबाई!" ती म्हणाली. "किती गुळगुळीत! माझ्या सुईचं टोक लोकरीत सारखं अडकतं. ही कुणी केली?"

"मी," आत्या हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं."

"दुसरीलाही करून देशील का? मोजणी झाल्यावर?"

"विटेची भुकटी बारीक चाळून घ्यावी लागते," आत्या म्हणाली. तिची पाठ ताठ झाली होती. "दाखवते तुम्हाला."

सूर्य खिडकीच्या खालच्या चौकटीला आला. मी खांबावर ओळंबा सोडला आणि जोडीने खुणा केल्या: एक हात, दोन, तीन, आणि बारा बोटं. काका घाईघाईने माझ्याजवळ आले आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "थांबा. पाय जमिनीला लागले की आधी सलामी. सगळी. अठरा कडवी. रणशिंगं!" कुणी हललं नाही. त्यांनी मुख्य रणशिंगवाल्याला गदागदा हलवलं. तो झोपेतच टिल्लीचं लांब नाव म्हणायला लागला आणि अर्ध्यावर पुन्हा घोरला.

"मावशी, आता," मी म्हणाले.

मावशीने टिल्लीला खांबाशी ठेवलं, एखादं भांडं फळीवर ठेवावं तसं. टाचा खांबाला, पाठ खांबाला, नजर समोर.

"पट्टी," ती म्हणाली, "काहीही निघालं तरी खरं सांग. मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"बोलू नकोस. हनुवटी हलते."

तिने हनुवटी स्थिर केली. खिडकीजवळच्या मखमलीमागून तपकिरी बूट पुढे आले, आणि त्यांच्यामागून तो माणूसही, पडदा बाजूला सारून, सगळ्यांसमोर. मी गुण्या टिल्लीच्या डोक्यावर टेकवला, केस दाबले, कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, आणि खूण वाचली.

साडेतीन हात आणि अर्धा जव.